गिल्डचं घर पाडलं, वही राहिली

१८७६ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात एक जुनी इमारत पाडण्यात आली. तिच्या जागी शाळा बांधायची होती. दर्शनी भागावरचं कोरीव काम चांगलं होतं, पण घराला धनी उरला नव्हता. ज्या संघटनेनं ते घर सजवलं होतं, तिचं कामकाज केव्हाच संपलेलं होतं. वाढत्या वस्तीतल्या मुलांसाठी शाळा बांधणं हे वाईट काम नव्हे, आणि त्या काळच्या नगरपालिकेला दोष देणं फार सोपं आहे. तरीही ते वर्ष मनाला लागतं. पाडलेलं घर होतं सेंट ल्यूक गिल्डचं, म्हणजे शहरातल्या चित्रकारांच्या आणि कारागिरांच्या संघाचं. सतराव्या शतकातला चित्रकार योहान्नेस व्हर्मीर या घरात प्रमुख म्हणून बसला होता.

दहाच वर्षं आधी, १८६६ मध्ये, तेओफिल थोरे या फ्रेंच समीक्षकानं व्हर्मीरवर दीर्घ अभ्यास छापून युरोपला त्याची ओळख करून दिली होती. घर पडलं आणि पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, फ्रेडरिक ओब्रेन यांनी डच कलेच्या इतिहासाची साधनं छापायला सुरुवात केली. त्यात याच गिल्डची सभासदांची वही होती. १८८१ मध्ये हेगमधल्या एका लिलावात मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचं चित्र दोन गिल्डर आणि वर तीस सेंट अडतीला गेलं. आज ते माउरित्सहाउस संग्रहालयाचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र आहे. ज्या दोन दशकांत जग या चित्रकाराला ओळखायला लागलं, त्याच दोन दशकांत त्याच्या शहरानं त्याच्या पाऊलखुणा एकेक करून पुसल्या. त्याचं बालपण ज्या ‘मेखेलेन’ खाणावळीत गेलं, तीही १८८५ मध्ये शेजारची गल्ली रुंद करण्यासाठी गेली.

डेल्फ्टच्या मोठ्या बाजारचौकाच्या उत्तरेला, घरांच्या पाठीमागून, एक अरुंद कालवा वाहतो. फोल्डर्सग्राख्त हे त्याचं नाव. पूर्वी इथे लोकरीचं कापड तुडवून घट्ट करणारे कामगार राहत. पुढे वस्ती बदलली, कालवा राहिला. या कालव्याच्या काठावर निराधार म्हाताऱ्यांसाठी एक धर्मादाय घर होतं आणि त्याला जोडून एक प्रार्थनागृह. १५७२ मध्ये डेल्फ्ट स्पेनच्या राजाविरुद्धच्या बंडात सामील झालं. पाठोपाठ शहराचा अधिकृत धर्म बदलला आणि कॅथलिक मठ, चॅपेलं यांच्या इमारती शहराच्या ताब्यात आल्या. भिंती भक्कम होत्या, जागा मोक्याच्या होत्या, त्यामुळे त्या पाडण्यापेक्षा दुसऱ्या कामाला लावणं सोयीचं होतं. एका मठात बंडाचा पुढारी राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंज राहायला आला आणि तिथेच १५८४ मध्ये त्याचा खून झाला. दुसऱ्या एका मठात दारूगोळा साठवला गेला. म्हाताऱ्यांच्या घराचं चॅपेल शेवटी चित्रकारांच्या वाट्याला आलं, पण त्याला १६६१ साल उजाडावं लागलं.

सेंट ल्यूकनं मेरीमातेचं चित्र काढलं होतं अशी जुनी ख्रिस्ती आख्यायिका आहे. म्हणून युरोपभर चित्रकारांचे संघ त्याच्या नावानं चालत. आपल्याकडच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कोष्ट्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणी भेटतात. त्यांच्याशी परिचय असलेल्या वाचकाला गिल्ड समजायला अवघड नाही. धंदा कोण करणार, शिकाऊ किती वर्षं राबणार, बाहेरच्याला माल विकू द्यायचा की नाही, हे सगळं संघ ठरवत असे. डेल्फ्टच्या गिल्डची नियमावली १६११ मध्ये नव्यानं लिहिली गेली आणि तिच्यातली धंद्यांची यादी वाचण्यासारखी आहे. तेलरंगात किंवा जलरंगात काम करणारे चित्रकार तर आहेतच. पण त्यांच्या बरोबरीनं काचकाम करणारे, काच विकणारे, चिनी मातीच्या धर्तीवर भांडी भाजणारे, भिंतीवरचे सचित्र पडदे विणणारे, भरतकाम करणारे, लाकडात नि दगडात कोरणारे, तलवारींची म्यानं बनवणारे, छापणारे, पुस्तकं विकणारे आणि चित्रांचे व्यापारी असे सगळे एकाच छपराखाली आहेत. ‘कलावंत’ आणि ‘कारागीर’ अशी भिंत या यादीत नाही. चित्र काढणारा आणि म्यान शिवणारा एकाच वहीत नाव लिहीत, एकाच पेटीत पैसे टाकत. मला या घराच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते, आणि पुढे तीच सगळ्यांत आधी विसरली गेली.

ती वही १६१३ पासूनची आहे. तिच्यात २९ डिसेंबर १६५३ या तारखेला योहान्नेस व्हर्मीरची नोंद आहे. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी त्याचं लग्न झालं होतं. प्रवेशाची रक्कम होती सहा गिल्डर. त्यानं दीड गिल्डर भरला. उरलेले साडेचार भरायला त्याला जुलै १६५६ उजाडला. बाप गिल्डचा सभासद असेल आणि मुलानं डेल्फ्टमधल्याच उस्तादाकडे उमेदवारी केली असेल, तर कमी पैसे पडत. व्हर्मीरचा बाप रेनियर १६३१ पासून चित्रांचा व्यापारी म्हणून गिल्डमध्ये होता. तरी मुलाला पूर्ण रक्कम लागली. त्यावरून तो चित्रकला गावाबाहेर शिकला असावा, असा तर्क अभ्यासक करतात. त्याचा गुरू कोण, याचा शोध साडेतीनशे वर्षांनंतर एका फीच्या आकड्यावर येऊन थांबतो.

व्हर्मीरच्या नोंदीला वर्ष पुरं व्हायच्या आत शहरावर आकाश कोसळलं. १२ ऑक्टोबर १६५४ च्या सकाळी, सेंट क्लेअरच्या जुन्या मठात साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. साठा सुमारे नव्वद हजार पौंडांचा होता. शहराचा ईशान्य कोपरा जमीनदोस्त झाला. ढिगाऱ्याखाली कारेल फाब्रिट्सियस सापडला. रेम्ब्रांटचा हा तरुण शिष्य दोनच वर्षांपूर्वी गिल्डमध्ये आला होता. साखळीनं बांधलेल्या चिमण्या पक्ष्याचं त्याचं चित्र, ‘गोल्डफिंच’, त्याच वर्षीचं. एग्बर्ट व्हान डेर पूल या चित्रकाराला तर या उद्ध्वस्त शहराच्या दृश्यानं पुरतं झपाटलं; त्यानं ते पुन्हा पुन्हा रंगवलं. पुढच्या वर्षी पीटर दे होख गिल्डमध्ये आला आणि डेल्फ्टच्या अंगणांचे, विटांच्या भिंतींचे नि उघड्या दारांचे ते शांत दिवस चित्रांत उतरू लागले.

१६६१ मध्ये गिल्डला फोल्डर्सग्राख्तवरचं चॅपेल मिळालं. जुन्या भिंतींना नवा दर्शनी भाग चढवला गेला. डर्क व्हान ब्लेस्वाइक या तरुण डेल्फ्टकरानं १६६७ मध्ये आपल्या शहराचं मोठं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात या घराला मानाची जागा आहे. वर त्रिकोणी कमानीत प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीसचा अर्धपुतळा, शहराचं नि गिल्डचं मानचिन्ह, आणि खिडक्यांखाली दगडात कोरलेल्या माळा. फुलापानांऐवजी या माळांत सभासदांच्या धंद्यांची अवजारं नि वस्तू गुंफलेल्या होत्या. आतल्या सभागृहाचं छत लिओनार्ट ब्रामरनं रंगवलं. ब्रामर तेव्हा साठीच्या पुढचा, रोममध्ये बरीच वर्षं काढून आलेला, शहरातला सर्वांत ज्येष्ठ चित्रकार. यानंच व्हर्मीरच्या लग्नाच्या वेळी सासूपुढे जाऊन रदबदली केली होती. छतावर त्यानं सात उदार विद्या रंगवल्या आणि चित्रकलेला आठवी म्हणून त्यांच्या पंगतीत बसवलं. व्याकरण, तर्क, गणित, संगीत या विद्या पंडितांच्या. चित्र काढणारा मात्र हातानं काम करणारा, असा शेकडो वर्षांचा दंडक होता. तो दंडक या लोकांनी आपल्या घराच्या छतावर मोडला. खालच्या बाकांवर मात्र पुस्तकविक्रेते आणि कुंभार पूर्वीसारखेच त्यांच्या शेजारी बसत होते.

कुंभारांचा तो भरभराटीचा काळ होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टमध्ये होती. आपल्या बखरींतले आणि कागदपत्रांतले वलंदेज ते हेच. वेंगुर्ल्याला त्यांची जी वखार आजही पडक्या अवस्थेत उभी आहे, ती याच कंपनीची. कंपनीच्या जहाजांतून निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचे ढीग हॉलंडमध्ये येत. १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, यादवी माजली आणि माल येईनासा झाला. गिऱ्हाइकाला चटक लागलेली, बाजार मोकळा. डेल्फ्टमध्ये बिअर गाळण्याचे जुने कारखाने ओस पडत चालले होते. पाण्याजवळच्या त्या मोठ्या जागांत भट्ट्या पेटल्या. ‘डेल्फ्टचं निळं’ म्हणून आज जे जगभर विकलं जातं, ते या तुटवड्यातून जन्मलं. आणि डेल्फ्टमध्ये भट्टी चालवायची तर सेंट ल्यूकच्या वहीत नाव हवंच. गिल्डचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखांत दोन चित्रकार, दोन काचकाम करणारे आणि दोन भांडी भाजणारे असत.

१६६२ मध्ये या प्रमुखांत व्हर्मीरची निवड झाली. त्याचं वय होतं तीस. गिल्डच्या नव्या घडीपासून इतक्या कमी वयाचा प्रमुख झाला नव्हता. घर त्याच्या अगदी परिचयाच्या जागेत होतं. त्याचा जन्म याच कालव्यावरच्या, गिल्डच्या घरापासून काही दारं पलीकडे असलेल्या खाणावळीत झाला असं मानतात. ‘मेखेलेन’ची मागची बाजू याच पाण्यावर उघडत होती. लग्नानंतर तो ज्या सासूच्या घरी राहिला, ते चौकाच्या दुसऱ्या बाजूला. उभं आयुष्य त्यानं एका चौकाभोवती काढलं. प्रमुख म्हणून त्याला तंटे सोडवावे लागत, नवे सभासद नोंदवावे लागत, गिल्डचे नियम पाळले जातात की नाही ते पाहावं लागे. वर्षाला दोन-तीन चित्रं पुरी करणारा हा माणूस कुंभारांच्या नि काचवाल्यांच्या तक्रारी ऐकत बसलेला आहे, हे दृश्य मला त्याच्या चित्रांइतकंच खरं वाटतं. ‘एकांतात जगलेला गूढ प्रतिभावंत’ हे त्याचं चित्र पुढच्या काळानं रंगवलं आहे. शहराच्या दप्तरांत दिसतो तो जबाबदार, चारचौघांत वावरणारा गृहस्थ.

पुढच्या वर्षी, १६६३ च्या ऑगस्टमध्ये, बाल्थाझार दे मोंकोनी हा फ्रेंच प्रवासी त्याला भेटायला आला. (लाल महालावरच्या छाप्याला तेव्हा चारच महिने झाले होते, आपल्या इतिहासाशी काळ जुळवून पाहायचा तर असा.) व्हर्मीरकडे दाखवायला एकही चित्र नव्हतं. एक चित्र शहरातल्या पाववाल्याकडे होतं, ते मोंकोनीनं जाऊन पाहिलं. एका आकृतीला सहाशे फ्रेंच लिव्र मोजल्याचं ऐकून तो चकित झाला. त्याच्या मते साठसुद्धा जास्त होते.

१६७० मध्ये व्हर्मीर पुन्हा प्रमुख झाला. पण दिवस फिरायला वेळ लागला नाही. मे १६७२ मध्ये तो हान्स योर्डान्स या दुसऱ्या डेल्फ्टकर चित्रकारासह हेगला गेला. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरला (तिथल्या शासकाला) विकलेली बारा इटालियन चित्रं खरी की खोटी, असा वाद होता. दोघांनी नोटरीपुढे ती टाकाऊ ठरवली. त्याच वर्षी फ्रान्सच्या फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. डच इतिहासात ते साल ‘अरिष्टाचं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. शत्रूला अडवण्यासाठी बांध फोडून शेतं बुडवली गेली, खंड थांबला, चित्रं विकली जाईनात. डिसेंबर १६७५ मध्ये व्हर्मीर त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. मागे अकरा मुलं राहिली, त्यांतली दहा अज्ञान, आणि कर्जाचा डोंगर. पाववाल्याचे सहाशेहून जास्त गिल्डर थकलेले होते. विधवा कॅथरिनानं त्याच्याकडे दोन चित्रं ठेवली.

एक चित्र मात्र तिला कोणत्याही परिस्थितीत जाऊ द्यायचं नव्हतं. पाठमोरा चित्रकार, समोर इतिहासाची देवता क्लिओ होऊन उभी राहिलेली मुलगी, भिंतीवर मोठा नकाशा. आज ‘चित्रकला’ या नावानं ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. फेब्रुवारी १६७६ मध्ये कॅथरिनानं ते आईच्या नावे करून दिलं, म्हणजे घेणेकऱ्यांच्या हाती लागू नये. पण दिवाळखोरीचा कारभार पाहायला शहरानं एक विश्वस्त नेमला होता. तो अँटोनी व्हान लीवेनहूक, सूक्ष्मदर्शकातून थेंबातले जीव पाहिलेला तोच शास्त्रज्ञ. १५ मार्च १६७७ ला लिलाव जाहीर झाला आणि त्या यादीत हेही चित्र होतं. सासू मरिया थिन्सनं तीन दिवस आधी नोटरीमार्फत लीवेनहूकला हरकत कळवली. लिलावाची जागा होती सेंट ल्यूक गिल्डचं सभागृह. चित्रकलेला आठवी विद्या ठरवणाऱ्या छताखाली ‘चित्रकला’ नावाचंच चित्र कर्जापायी विक्रीला लागलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्याच सभागृहात त्याचा चित्रकार मानाच्या जागेवर बसला होता.

अठराव्या शतकात गिल्डचं घर उभं होतं, पण आतला जोर ओसरत गेला. डच चित्रांचा बाजार आटला. भट्ट्यांनी आणखी बराच काळ तग धरला, मग आधी जर्मन पोर्सिलेन आणि नंतर इंग्लंडची स्वस्त, हलकी, मलईच्या रंगाची भांडी आली. १७९५ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या लाटेवर बटाव्हियन प्रजासत्ताक आलं आणि १७९८ च्या राज्यघटनेनं गिल्ड मोडीत काढली. ज्याला जो धंदा करायचा तो त्यानं करावा, हे तत्त्व न्याय्य होतं. बाहेरच्याला आत येऊ न देणाऱ्या संघांनी अनेकांची वाट अडवलीही होती. पण मृत सभासदाच्या मुलांची जाण ठेवणारी, शिकाऊ पोराला सहा वर्षं एका हाताखाली घडवणारी व्यवस्थाही त्याबरोबर गेली. अब्राहाम राडेमाकर आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेरिट लांबर्ट्स यांनी या घराची रेखाटनं करून ठेवली. घर कसं होतं ते आज कळतं, त्यात या दोघांचा मोठा वाटा आहे.

१८७६ च्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. एके काळच्या तीसेक भट्ट्यांपैकी शेवटची उरलेली, १६५३ मध्ये सुरू झालेली ‘दे पोर्सेलेन फ्लेस’, योस्ट थोफ्ट या अभियंत्यानं विकत घेतली आणि हातानं रंगवलेल्या निळ्या भांड्यांचं काम पुन्हा सुरू केलं. ती आजही चालू आहे. गिल्डचं घर पडलं त्या वर्षी गिल्डमधल्या एका धंद्याला नवा श्वास मिळाला. दर्शनी भागावरच्या काही कोरीव माळाही वाचल्या. पियेर कायपर्सनं बांधलेलं अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम १८८५ मध्ये उघडलं. देशभर पाडल्या जाणाऱ्या इमारतींचे तुकडे त्याच्या बागेत गोळा होत होते. त्यांतच डेल्फ्टच्या माळा भिंतीत बसवल्या गेल्या.

या जागेचं नाव विसाव्या शतकात पुन्हा गाजलं ते व्हर्मीरच्या ‘छोटी गल्ली’ या चित्रामुळे. पी. टी. ए. स्विलेन्स या डच अभ्यासकानं १९५० मध्ये असं मांडलं, की ‘मेखेलेन’च्या मागच्या खिडकीतून कालव्यापलीकडे पाहिल्यावर दिसणारं म्हाताऱ्यांचं घरच त्यात रंगवलं आहे. तसं असतं, तर गिल्डच्या घराची शेजारीण त्या चित्रात अमर झाली असती. २०१५ मध्ये फ्रान्स ख्राइझेनहाउट यांनी कालवे खोल करण्यासाठी घरमालकांकडून घेतलेल्या कराची १६६७ ची नोंदवही तपासली. घरांच्या आणि बोळांच्या रुंदीची मापं जुळवून त्यांनी ते ठिकाण फ्लामिंगस्ट्राटवर नेलं, व्हर्मीरच्या आत्याच्या घरापाशी. ती आत्या आतडी-वजडी विकत असे. मापांचा पुरावा मला स्विलेन्सच्या तर्कापेक्षा जास्त पटतो, जरी मनातून फोल्डर्सग्राख्तच असावं असं वाटत राहतं.

शाळा गेली आणि २००७ मध्ये त्या जागेवर जुन्या रेखाटनांच्या आधारे गिल्डचा दर्शनी भाग पुन्हा उभा राहिला. त्यामागे व्हर्मीर केंद्र आहे. डेल्फ्टच्या मालकीचं व्हर्मीरचं एकही मूळ चित्र नाही, म्हणून केंद्रात त्याच्या सगळ्या चित्रांच्या मूळ आकारातल्या प्रतिकृती लावल्या आहेत. काम मनापासून केलेलं आहे आणि येणाऱ्याला चित्रकाराबद्दल खूप काही कळतं. माझी हरकत नावाला आहे. हे घर एकट्या व्हर्मीरचं कधीच नव्हतं. म्यानं शिवणाऱ्याचा, खिडकीच्या काचा जोडणाऱ्याचा, पुस्तकवाल्याचा त्याच्यावर तेवढाच हक्क होता, आणि दर्शनी माळांत त्यांचीच अवजारं कोरलेली होती. दगड परत आला, नाव मात्र एकाचंच परत आलं.

बाकीच्यांकडे ज्यानं पाहिलं तो कलासमीक्षक नव्हता. जॉन मायकेल माँटियास हे येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ, पूर्व युरोपातल्या नियोजित अर्थव्यवस्थांचे अभ्यासक. एका कलावंत-संघाचा आर्थिक इतिहास लिहावा म्हणून ते डेल्फ्टच्या दप्तरखान्यात गेले आणि नोटरींच्या बाडांत, कर्जाच्या कागदांत, मृत्युपत्रांत बुडून गेले. या विषयावरचं त्यांचं पहिलं पुस्तक, १९८२ चं, डेल्फ्टच्या सगळ्या कलावंत नि कारागिरांबद्दल होतं. व्हर्मीरच्या कुटुंबावरचं दुसरं १९८९ मध्ये त्याच कामातून निघालं. व्हर्मीरची बरीचशी चित्रं पीटर व्हान राउफेन या एकाच गिऱ्हाइकाच्या घरी गेली असावीत, हे त्यांनीच मांडलं. आधी गिल्ड, मग व्हर्मीर, हा क्रम त्यांनी पाळला म्हणून त्यांच्या हाती दोन्ही लागलं. त्यांनी आणि त्यांच्याआधी ओब्रेननं वाचलेली सभासदांची वही हेगच्या राजग्रंथालयात आहे. ती १७१४ पर्यंत चालते. तिच्यातल्या अनेकांचं एकही काम आज कुणाला ओळखता येणार नाही. पण कोण कुठल्या धंद्याचा, गावातला की बाहेरचा, कोणी पैसे रोख भरले आणि कोणी उधार ठेवले, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं आहे.